सहा किलो मीठ

टॅक्सी दारात येऊन उभी राहिली होती, ड्रायव्हरने दोनदा हॉर्नही वाजवला होता, तरी बायकोने कंपाउंडरांना मनगटाला धरून मागच्या अंगणात नेलंच. हौदाच्या काठावर त्यांना उभं केलं आणि पाण्याकडे बोट दाखवलं.

"मासे तुमचे," ती म्हणाली. "ते जगोत नाहीतर मरोत, तुमचं तुम्ही बघा. हे कमळ माझं. मी येईन तेव्हा ते याच कुंडीत, याच जागी जिवंत पाहिजे."

"अगं, अडतीस वर्षं दवाखान्यात माणसं सांभाळली मी. एका कमळाची काय कथा?"

"माणसं डॉक्टरांनी सांभाळली. तुम्ही बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या," असं म्हणून ती गेली. धाकट्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, बहीण परगावी एकटी, तेव्हा निदान सहा आठवडे तरी परत येणं नव्हतं.

आता या कमळाचं आधी सांगायला हवं. खरं तर ती कुमुदिनी, पण घरात सगळे तिला कमळच म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर कंपाउंडरांच्या पत्नींनी स्वयंपाकघराच्या मागे हा हौद बांधून घेतला होता. पाच हात लांब, तीन हात रुंद, कमरेच्या जरा खाली खोल. त्यात त्यांनी हे कमळ लावलं त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत पानं भरपूर आली, फूल एकही नाही. दर नव्या पानाला त्या कुंडीच्या काठावर पांढऱ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढत. एकतीस रेघा झाल्या होत्या. आणि या वर्षी, नेमकं बहिणीचं ऑपरेशन ठरल्यावर, पाण्याखाली कंदाच्या तोंडाशी हरभऱ्याएवढी कळी दिसली. तिथे जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं. शेजारच्या घड्याळवाल्यांना गुडघे वाकवता येत नव्हते. म्हणजे उरले कोण, तर नवरा. नाइलाजाने आपल्यावर सोपवलंय हे कंपाउंडरांना पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांनी मनाशी ठरवलं होतं की ही परत येईल त्या दिवशी पाण्यावर फूल असेल. "तुमच्यावर सोपवलं ते बरं झालं," हे वाक्य त्यांना या जन्मात एकदा तरी ऐकायचं होतं.

मासे मात्र खरोखर त्यांचेच. तीन वर्षांपूर्वी कुणालाही न विचारता त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून बोटाएवढे पाच सोनेरी मासे आणून हौदात सोडले होते. आता ते वीतभर झाले होते. सगळ्यांत मोठा, पाठीवर काळा पट्टा असलेला, सकाळ-संध्याकाळ हौदाला फेऱ्या घालायचा, म्हणून त्याचं नाव हवालदार.

पहिले तीन दिवस निर्वेध गेले. चौथ्या दिवशी सकाळी कंपाउंडर चहाचा कप घेऊन हौदाशी आले, तर पाणी गढूळ आणि एक अख्खं पान देठासकट सुटून कोपऱ्यात तरंगतंय. त्यांनी कप काठावर ठेवला आणि अर्धा तास उकिडवे बसून पाहिलं. हवालदार डोकं खाली, शेपटी वर करून कुंडीतली माती उकरत होता. तोंडभर माती घ्यायची, चाळायची, बाहेर फेकायची. कंदाची पांढरी मुळं उघडी पडली होती, आणि मागून येणारे चौघे ती कुरतडत होते. एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणजे काय, ते कंपाउंडरांना त्या दिवशी नीट समजलं.

"नतद्रष्टांनो," ते माशांना म्हणाले, "तुमच्यापायी मला घर सोडावं लागेल."

त्यांनी गावच्या कडेच्या ओढ्यातून पिशवीभर बारीक खडे आणून मातीवर पसरले. दुपारी बघतात तर मासे एकेक खडा तोंडात घेऊन, घोळवून, चोखून बाहेर थुंकताहेत, आणि हौदाच्या तळाशी खड्यांचा ढीग जमलाय. दुसऱ्या दिवशी त्यांनी हवालदाराच्या तोंडात मावणार नाहीत असे मुठीएवढे दगड आणले. उकरणं थांबलं. मग माशांनी देठांकडे मोर्चा वळवला. दोन दिवसांत आणखी दोन पानांच्या कडा कातरल्या गेल्या, आणि एक मासा कळीजवळ घुटमळताना दिसला, तेव्हा कंपाउंडरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माळ्यावरून खिडकीच्या जुन्या तारेच्या जाळीचा तुकडा काढला, पत्रा कापायच्या कात्रीने कापला आणि कुंडीवर टोपलीसारखा उपडा घातला. आतलं पान आत, बाहेरचा मासा बाहेर. घड्याळवाल्यांनी भिंतीवरून वाकून पाहिलं.

"कंपाउंडर, आरोपीला सोडून फिर्यादीलाच कोठडीत टाकलंत की."

"फिर्यादीच्या जिवाला धोका आहे," कंपाउंडर म्हणाले आणि आत जाऊन गाढ झोपले.

आता रोजच्या फोनचंही सांगायला हवं. बायको संध्याकाळी सहाला फोन करी. बहिणीचं सांगून झालं की विचारी, "कमळ कसं आहे?" कंपाउंडर म्हणत, "छान." मुळं उघडी पडली तेव्हाही ते 'छान' म्हणाले, पानं कातरली तेव्हाही. तिकडे दवाखान्यात ती जागरणं काढतेय, तिला आणखी घोर कशाला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. माणसाला खोटं बोलायचं असलं की दुसऱ्याची दया फार चटकन येते.

जाळीच्या कापलेल्या टोकदार कडा तशाच ठेवल्या होत्या, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी हवालदाराने कुठून तरी आत घुसायचा प्रयत्न केला आणि कुशीवरचे तीन-चार खवले सोलून घेतले. पाठोपाठ त्या लाल जागेवर कापसासारखं पांढरं धरलं. तो फेऱ्या घालायचा थांबला आणि तळाशी एका जागी लटपटत उभा राहू लागला.

झालं. कंपाउंडरांमधला कंपाउंडर जागा झाला. निवृत्त झाल्यापासून कुणी त्यांना साधी गोळीसुद्धा विचारली नव्हती. आता घरात रुग्ण होता. त्यांनी जुनी वही काढली आणि पहिल्या ओळीत लिहिलं, 'रुग्ण : हवालदार. तक्रार : जखम, बुरशी.' माशाच्या जखमेवर मिठाचं पाणी चालतं, हे त्यांनी मासे विकणाऱ्याकडून मागेच ऐकून ठेवलं होतं. लिटरला तीन ग्रॅम. त्यांनी टेप आणून हौद मोजला, गुणाकार केला, पुन्हा पडताळून पाहिला. दोन हजार लिटर पाणी, सहा किलो मीठ. अंदाजाचं काम त्यांना कधीच जमलं नाही आणि आवडलंही नाही.

"सहा किलो?" किराणावाला म्हणाला. "मासे खारवून ठेवणार की काय?"

"बरे करणार आहे," कंपाउंडर म्हणाले.

रोज दोन किलो, बादलीत पूर्ण विरघळवून, हौदाच्या चारी बाजूंनी सारखं, असा तीन दिवस डोस दिला. आणि हाताला यश बघा, आठवड्यात पांढरं गळून पडलं, जखमेची कड गुलाबी झाली आणि हवालदार पुन्हा गस्तीवर निघाला. कंपाउंडरांनी वहीत 'रुग्ण बरा' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. दोन दिवस ते अंगणात उगाचच येरझाऱ्या घालत होते, आणि घड्याळवाल्यांना जखमेची हकीकत त्यांनी तीनदा सांगितली.

तिसऱ्या दिवशी त्यांची नजर जाळीच्या आत गेली. पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. माशांनी कातरलं असेल तर तुकडा जातो; हे तसं नव्हतं, हे भाजल्यासारखं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पानं तेलात भिजवलेल्या कागदासारखी आरपार दिसू लागली. त्याच्या पुढच्या दिवशी त्यांनी हात घालून कळीला बोट लावलं. ती बोटाखाली मऊ पडली आणि देठापासून सुटून आली. आत सगळं काळं होतं. कंपाउंडर ती हातात घेऊन किती तरी वेळ बसून राहिले. चार वर्षं बायको ज्याची वाट पाहत होती, ते त्यांच्या तळहातावर होतं आणि त्याला वास येत होता.

रोपवाटिका दोन रस्ते ओलांडून होती. ती चालवणारी रोपवाली अंगाने दणकट आणि जिभेने त्याहून. तिने पान उजेडात धरून पाहिलं, जिभेचं टोक लावलं आणि थुंकली.

"मीठ घातलंत?"

"माशाला, आमच्या हवालदाराला, जखम झाली होती."

"मग माशाला टबात घ्यायचं आणि टबात मीठ घालायचं. अख्ख्या हौदाला कशाला?" तिने पान कंपाउंडरांच्या हातात परत दिलं. "तुमच्या दवाखान्यात एकाला खोकला झाला की सगळ्या वॉर्डाला औषध पाजत होतात का?"

हे त्यांना फार लागलं, कारण खरं होतं. संसर्गाचा रुग्ण आला की पहिली खाट वेगळी करायचे ते स्वतः. शिकाऊ नर्सला ही एक गोष्ट त्यांनी शेकडो वेळा ऐकवली असेल. आणि घरच्या हौदात त्यांनी एकाला बरं करण्यासाठी शेजारच्या खाटेवरच्याला मारलं होतं.

"पाणी आटेल तसं मीठ कमी होईल ना?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"पाणी आटतं. मीठ कुठे जाणार? उलट वाढतं." मग तिला बहुधा त्यांचा चेहरा बघवला नाही. तिने मागच्या टाकीकडे मान वळवली. "याच जातीचं एक आहे माझ्याकडे. कळी धरलेलं. आठ दिवसांत उमलेल. हवालदार की फौजदार, त्याला टबात ठेवा, पाणी बदला, हे लावून टाका. घरात कुणाला कळणारही नाही."

कंपाउंडरांनी ते घेतलं. घरापर्यंत ओल्या पोत्यात गुंडाळून पोटाशी धरून आणलं, हौदाशी ठेवलं आणि जुनी कुंडी पाण्याबाहेर काढली. आता कंद उपटायचा, नवा लावायचा, दगड रचायचे, की मिटलं. बायको परत येईल तेव्हा पाण्यावर फूल असेल. ती म्हणेल, तुमच्यावर सोपवलं ते बरं झालं.

कुंडीच्या काठावर रेघा होत्या. काही सरळ, काही थंडीत हात थरथरल्यामुळे वाकड्या. एकतीस. कंपाउंडरांना मोजायचं नव्हतं, पण मोजणं त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं.

त्यांना त्या पिवळ्या पक्ष्याची आठवण झाली. लग्नानंतर सहाव्या की सातव्या वर्षी बायकोकडे पिंजऱ्यात एक पिवळा गाणारा पक्षी होता. ती माहेरी गेलेली असताना तो मेला. बहुधा कंपाउंडर पाणी ठेवायला विसरले होते. त्यांनी तो झाडाखाली पुरला आणि ती आल्यावर म्हणाले, पिंजरा साफ करताना उडून गेला. ती महिनाभर खिडकीत दाणे ठेवत होती. रोज सकाळी खिडकी उघडून आधी बाहेर बघायची. पुढे पावसाने माती वाहून गेली आणि तिला झाडाखाली ती हाडं सापडली. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मेला म्हणाला असतात तर एक दिवस रडले असते." त्यानंतर कितीतरी वर्षं ती कुठलीही गोष्ट त्यांच्यावर सोपवून गेली नव्हती.

आणि आता त्यांच्या हातात ओल्या पोत्यातलं परक्याचं कमळ होतं. ही येईल, त्या फुलापाशी बसून डोळे पुसेल, घड्याळवाल्यांना बोलावून दाखवेल, आणि ते फूल तिचं नसेलच. म्हणजे पुन्हा खिडकीत दाणेच ठेवायला लावायचे. कंपाउंडरांना स्वतःची इतकी शरम वाटली की त्यांनी हात धुतले, घरात गेले आणि भर दुपारी फोन लावला. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण आपण होऊन फोन करायची त्यांची ही तिसरी की चौथी वेळ असेल.

"काय झालं?" तिने उचलताच विचारलं.

"मी हौदात मीठ घातलं. माशाला जखम झाली होती म्हणून. कमळ जळालं."

पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज आला.

"किती मीठ?"

"सहा किलो."

"कळी?"

"गेली." मग उरलेलंही सांगून टाकावं म्हणून ते म्हणाले, "आणि तू विचारत होतीस तेव्हा मी छान आहे म्हणत होतो, ते खोटं होतं. आधीपासूनच बिघडत चाललं होतं. दुसरं विकत आणलंय, तसलंच. कुंडीत लावून तुला दाखवणार होतो. परत देतोय."

कंपाउंडरांना तिचा श्वास ऐकू येत होता. मग "ठेवते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी सहाला फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

फोन झाला त्याच दुपारी कंपाउंडर नवं कमळ घेऊन रोपवालीकडे गेले आणि ते तिच्या टाकीच्या कडेला ठेवलं.

"हे परत घ्या. जुनंच वाचवायचंय. कसं वाचवायचं ते सांगा."

"ते वाचलं तरी यंदा फूल नाही द्यायचं."

"नको देऊ दे. जगवायचंय."

रोपवालीने हात पदराला पुसले आणि आता जरा वेगळ्या नजरेने त्यांच्याकडे बघत सांगायला बसली. कंद काढा, सडलेलं सगळं कापा, घट्ट आणि पांढरं असेल तेवढंच ठेवा. नव्या मातीत, गोड्या पाण्याच्या टबात, उन्हात. मासे हौदातच राहू द्या. पाणी सगळं एकदम बदललंत तर ते दगावतील, रोज थोडं थोडं बदला. नळाचं पाणी एक दिवस उघड्या पिंपात ठेवल्याशिवाय घालू नका. कंपाउंडरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि वाचून दाखवलं.

कंद कापताना त्यांनी दवाखान्यातला जुना चाकू उकळून घेतला. बाहेरून हातभर दिसणारा तो कंद आतून बराचसा चिखल झाला होता. एकेक भाग कापून टाकता टाकता उरला तो अंगठ्याएवढा तुकडा, टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा कोंब. दाबून पाहिला. घट्ट होता. "असू दे," कंपाउंडर मोठ्याने म्हणाले. "याहून कमी असलेली माणसं उठून घरी गेलीत." कपडे धुवायच्या टबात त्यांनी त्याला बसवलं.

मग पाणी. घरात तीन पिंपं होती, प्रत्येकात दोनशे लिटर. म्हणजे रोज सहाशे लिटर काढायचं आणि सहाशे घालायचं, साठ बादल्या बाहेर आणि साठ बादल्या आत. पहिली बादली उचलून ते सवयीने फुलझाडांच्या वाफ्याकडे वळले आणि पाऊल उचललेलं तसंच थांबले. खारं पाणी वाफ्यात ओतलं असतं तर कमळापाठोपाठ तिची सगळी बाग गेली असती. हात दाखवून अवलक्षण एकदा पुरे होतं. गटार होतं ते घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्यापलीकडे. तेव्हा प्रत्येक बादली अंगणातून स्वयंपाकघरात, तिथून बोळातून बैठकीच्या खोलीत, दाराबाहेर, तीन पायऱ्या उतरून रस्त्यापलीकडे, आणि रिकामी बादली घेऊन परत. त्यांनी वाटेतली सतरंजी गुंडाळून ठेवली आणि सुरुवात केली.

पहिल्या दिवशी साठ बादल्यांना सहा तास लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कमरेतून उठता येईना. आयुष्यभर लोकांना पिवळ्या मलमाच्या डब्या भरून दिल्या होत्या, त्यातली एक स्वतःसाठी उघडून त्यांनी कमरेला चोळली आणि अर्धी अर्धी बादली न्यायला लागले. म्हणजे फेऱ्या एकशेवीस झाल्या. घड्याळवाले त्यांच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले.

"माणूस लावा की एखादा."

"मीठ मी घातलंय."

"अहो, बायको घरात नाही, बघायला कुणी नाही. निम्म्या बादल्यांवर थांबलात तर कोण विचारणार आहे?"

"वही विचारेल," कंपाउंडर म्हणाले आणि पुढे गेले. घड्याळवाल्यांनी कुठूनसा खडू आणला आणि ओट्याच्या भिंतीवर कंपाउंडरांच्या फेऱ्या मांडायला सुरुवात केली. वाकता येत नसलं तरी मोजता येतं, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी सहाला कंपाउंडर फोनजवळच्या खुर्चीत बसत आणि साडेसहाला उठत. ती रागावली आहे हे त्यांना कळत होतं, तिचा राग रास्त आहे हेही कळत होतं, आणि तरी ते रोज बसत. एकदा तर बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांना धार लागली. घरात कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी ती पुसलीही नाही.

आठव्या दिवशी त्यांनी हौदातलं चमचाभर पाणी जिभेवर घेतलं. अळणी. दोनदा खुळखुळवून पाहिलं. अळणीच. टबात कोंबाने बोटभर उंची घेतली होती.

आता तो हौदात परत ठेवायचा म्हणजे पुन्हा हवालदाराशी गाठ. पण कंपाउंडर या खेपेला घाईत नव्हते. ते दिवसभर काठावर बसून माशांचा अभ्यास करत राहिले. मासे वाईट नव्हते. त्यांना हिरवं खायला हवं होतं आणि उकरायला जागा. म्हणून त्यांनी हौदाच्या एका टोकाला उथळ घमेल्यात नुसती वाळू ठेवली, आणि दुसरीकडे दोरीला बांधून कोबीची पानं सोडली. कुंडीत कोंबाभोवती बोटभर जागा मोकळी सोडून मुठीएवढे दगड बसवले. आणि मग जाळी. या वेळी टोपली नाही, तर वरून आणि खालून उघडं, पाण्याच्या वर चार बोटं येईल असं उंच कडं, म्हणजे पानं सरळ वर जातील. कडेच्या तारांचं मात्र काय करायचं, यावर ते दोन दिवस अडले. शेवटी दवाखान्यातून निवृत्त होताना आणलेल्या सामानात त्यांना सलाइनच्या रबरी नळीचं वेटोळं सापडलं. नळी ब्लेडने उभी चिरली आणि तारेच्या कडेवर दाबून बसवत गेले, वर एक गोल, खाली एक गोल, सांध्यावर एक उभी पट्टी. मग आपल्या गालावरून, मग ओठावरून कड फिरवून पाहिली. कुठेही टोचली नाही. तेव्हा कुठे कडं पाण्यात उतरलं. हवालदार आला, नळीला नाक लावलं, अंग घासलं आणि कोबीकडे निघून गेला.

त्यानंतर पाच दिवसांनी फोन वाजला. "शनिवारी येते," एवढंच बोलून तिने ठेवला.

शनिवारी ती आली ती पाणीसुद्धा न पिता सरळ मागे गेली. कंपाउंडर तिच्यामागून गेले आणि दारातच थांबले. हौद उघडाबोडका दिसत होता. पानांनी झाकलेल्या पाण्याच्या जागी आता नुसतं पाणी, मधोमध रबराच्या काठाचं ते ओबडधोबड कडं, आणि त्याच्या आत, पृष्ठभागाच्या वीतभर खाली, गुंडाळलेलं एक तांबूस पान. ती काठावर बसली, बाही वर केली, कोपरापर्यंत हात घातला आणि बोटांनी कंद चाचपला.

"अंगठ्याएवढा राहिलाय," कंपाउंडर म्हणाले. "पण घट्ट आहे."

"चार वर्षं, अहो," ती म्हणाली आणि रडली. कंपाउंडर तिथेच उभे राहिले. माझ्या कमरेचं काय झालं, किती बादल्या झाल्या, यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. ते सगळं सांगायचं त्यांच्या फार मनात होतं.

तिचं रडून झालं. तिने ओल्या बोटाने रबराची कड पूर्ण गोल फिरून तपासली.

"'छान' म्हणत होतात ना, ते खोटं आहे हे मला केव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तीस वर्षं एक्स्चेंजला लोकांचे आवाज ऐकण्यात गेली माझी. तुम्ही कधी सांगता, एवढंच बघत होते. आणि सांगितलंत तेव्हा इतका राग आला, की फोन हातात घेतला की पुन्हा ठेवून द्यायचे."

"बरोबर आहे," कंपाउंडर म्हणाले.

जेवताना तिने दुसरी बातमी सांगितली. बहिणीचा खुबा नीट बसला नव्हता. पुन्हा उघडावा लागणार होता. मंगळवारी परत जायचं, आणि या खेपेला दोन महिने तरी. कंपाउंडरांचा घास हातातच राहिला. हे त्यांना अपेक्षित नव्हतं, पण काय करायला हवं हे मात्र त्यांचं ठरलेलं होतं.

"मग कमळ रोपवालीकडे देऊ. मी तिला विचारून ठेवलंय, तू येशील तेव्हा तुला सुचवावं म्हणून. ती ठेवायला तयार आहे. तिचा धंदाच तो, तिच्या हातून जायचं नाही."

"नको."

"अगं, मी सहा किलो मीठ घातलंय त्यात."

"तिच्याकडे मेलं तर ती दुसरं आणून ठेवेल," ती म्हणाली. "आणि मी त्यालाच आपलं समजून रेघा ओढत बसेन. इथे मेलं तर तुम्ही मला फोन कराल." तिने भाजीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. "रोज एकदा करा. आणि वाईट असेल ते आधी सांगा."

कंपाउंडर 'बरं' म्हणाले, हात धुऊन आले आणि त्यांनी वहीत लिहिलं, 'रोज एक फोन. वाईट आधी.'